सगळ्यांची कार्डं सांभाळणारी बाई

लाँड्रीतल्या सगळ्या तिला फौजदारीण म्हणायच्या. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तिला ते आवडायचं. कुणी नुसतं "ताई" म्हटलं तर ती ओ द्यायला दोन क्षण जास्त घ्यायची.

लाँड्री शहराबाहेर, गोदामांच्या रांगेत. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे ट्रकने यायचे आणि धुऊन, दाबून, घडी होऊन परत जायचे. मागच्या भिंतीला लागूनच बायकांचं होस्टेल. एका खोलीत चार खाटा, खाटेखाली पत्र्याची पेटी, खिडकीतून दिसायची ती दुसऱ्या गोदामाची भिंत. परमुलुखाला जाऊन आलेल्या माणसाकडे गावात लोक डोळे मोठे करून बघतात. या बायकांनी परमुलूख पाहिला तो एवढाच. उकळत्या वाफेचा, क्लोरीनच्या वासाचा.

फौजदारीण रोलरवर होती. ओली चादर दोन्ही हातांनी ताणून तापल्या रोलरच्या तोंडात द्यायची, बोटं मात्र द्यायची नाहीत, असं ते काम. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. नव्या मुलींना ती ते डाग दाखवायची आणि म्हणायची, "बघून घ्या. जो माल देतो, तो मालाकडे बघतो. जो वाचतो, तो स्वतःच्या बोटांकडे बघतो."

इकडे येण्याआधी ती एका सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी चहाची गाडी लावायची. नवरा होता, पण असून नसल्यासारखा. फाटकाशी बसून तिने पाकीटमार पाहिले, खोटे डॉक्टर पाहिले, रक्ताची बाटली मिळवून देतो म्हणून पैसे घेऊन पळणारे पाहिले. माणसाची चाल बघून त्याच्या मनातलं ओळखायची. आणि तरीही इथे आल्यावर पहिल्याच पगाराला ती फसली.

होस्टेलच्या फाटकासमोर एक दुकान होतं, त्याच्या बाहेरच्या भिंतीत पैसे काढायचं मशीन. तिने कार्ड घातलं, नंबर दाबला, मशीन गप्प. कार्ड आतच. मागे एक सभ्य, टापटीप माणूस उभा होता. त्याने खुणेनेच सांगितलं, माझंही असंच झालं होतं, नंबर पुन्हा दाबा म्हणजे बाहेर येईल. तिने दाबला. त्याने मान वळवलीसुद्धा नव्हती, असं तिला वाटलं. कार्ड आलं नाही, तो माणूस हळहळत निघून गेला, ती दुकानदाराला बोलवायला आत गेली, आणि परत येईपर्यंत मशीनच्या तोंडात अडकवलेली पट्टी, पट्टीत अडकलेलं कार्ड आणि कार्डातला अख्खा पगार, सगळं गेलं होतं.

त्या दिवशी ती रडली नाही. चिडली. दवाखान्याच्या फाटकावर ज्या बाईच्या नजरेला नजर द्यायला पाकीटमार घाबरायचे, तिला एका इस्त्रीच्या शर्टाने गंडवावं, हे तिला पैशापेक्षा जास्त लागलं. तिने त्या मुलखाची बोली शिकायला घेतली ती त्या रागातून. ट्रक ड्रायव्हरांशी भांडून शिकली, दुकानदाराशी घासाघीस करून शिकली. आणि कुठे कोण कसा फसला, हे ती असं गोळा करायची, जशा दुसऱ्या बायका लग्नं जमवतात.

मग तिचे कायदे सुरू झाले. नवी मुलगी पेटी घेऊन खोलीत आली की आधी कायदे, मग जेवण. रस्त्यावरच्या भिंतीतल्या मशीनला हात लावायचा नाही. मशीन बँकेच्या आतलं, तेही बँक उघडी असताना. कार्ड घालायच्या आधी ते तोंड धरून ओढून बघायचं, हललं तर पाठ फिरवायची. नंबर दाबताना दुसऱ्या हाताचं छप्पर करायचं, मग मागे सख्खा भाऊ का उभा असेना. मदत करायला जो येतो तोच चोर. गावाकडचं कार्ड असेल आणि मशीनने विचारलं की तुमच्या देशाच्या पैशात हिशेब दाखवू का, तर नाही म्हणायचं, त्यात ते गळा कापतात. रस्त्यात कुणी जास्त भावाने पैसे बदलून देतो म्हटला तर त्याच्या हातातल्या नोटा बाद झालेल्या असतात. पाठीवर घाण पडलीय, पुसून देतो, असं कुणी म्हटलं तर थांबायचं नाही, घाण घेऊन घरी यायचं. आणि पैसे पेटीत ठेवायचे नाहीत. पेटी फुटते. बँकेत ठेवायचे, लागतील तेवढेच काढायचे.

"आणि नवरा पैसे मागेल तर?" लंबी विचारायची. लंबी म्हणजे वाळवणीच्या खात्यातली, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच आणि जिभेला हाड नसलेली.

"त्याच्यासाठी वेगळं कलम आहे," फौजदारीण म्हणायची. "तोही मदत करायलाच येतो."

हसायच्या, पण ऐकायच्या. तिच्या कायद्यांमुळे कितीतरी जणी वाचल्या, हे खोटं नाही.

अडचण एकच होती. बँक शहरात, आणि बायकांची सुट्टी बँकेच्याच सुट्टीच्या दिवशी. रोलर मात्र आठवड्यात एक दिवस सफाईसाठी बंद असायचा, त्यामुळे फौजदारिणीला बँकेच्या कामाच्या दिवशी रजा मिळायची. म्हणून रीत पडली. पगार झाला की सगळ्या आपापली कार्डं तिच्या हवाली करायच्या, किती काढायचे ते सांगायच्या, आणि ती निळ्या कापडी पिशवीत कार्डं घालून बसने शहरात जायची. संध्याकाळी जिचे तिला.

आता प्रश्न नंबरांचा. नंबर लिहून ठेवायचा नाही, हा तर तिचा सगळ्यात मोठा कायदा. आणि एवढ्या बायकांचे एवढे नंबर तोंडपाठ ठेवायचे म्हणजे चूक होणार. तीनदा चूक झाली की मशीन कार्ड गिळतं. म्हणून तिने तोड काढली. सगळ्यांनी एकच नंबर ठेवायचा. कुणाच्या जन्मतारखेशी नाही, कुणाच्या लग्नाशी नाही, कुणाला सुचणारच नाही असा तिने मनाने काढलेला नंबर. कागद नाही, चूक नाही, भानगड नाही.

या तोडीचा तिला फार अभिमान होता. शिकलेल्यांनासुद्धा हे सुचलं नसतं, असं ती म्हणायची. ते मात्र खरं होतं.

तिची धाकटी जाऊ याच लाँड्रीत घडीच्या खात्यात होती. तिला आणली होती फौजदारिणीनेच. दीर परांचीवरून पडून कमरेतून अधू झाला, घरात खाणारी तोंडं सगळी आणि कमावता हात एकही नाही, तेव्हा हिने निरोप धाडला होता, पाठव तिला, मी आहे. जाऊ आली तेव्हा तिचा मुलगा नुकता चालायला लागला होता. तो सासूकडे राहिला. आता तो शाळेत जायला लागला होता आणि फोनवर आईशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा. जेवलीस का, बरी आहेस का, ठेवू का.

जाऊचा करार त्या महिन्यात संपत होता. मुकादमाने नव्या कराराचा कागद पुढे केला तेव्हा तिने हात मागे घेतला होता. इकडे पाठवणाऱ्या एजंटाचं देणं फिटलं होतं, आणि त्यानंतर जे उरलं ते सगळं बँकेत होतं. दोन खोल्यांपुरतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानात काय ठेवायचं यावर रोज नवा बेत व्हायचा.

"वह्या-पेन्सिली ठेव," लंबी म्हणायची. "शाळा जवळ आहे म्हणतेस ना."

"आणि पोरगा शाळेतून सुटला की आधी दुकानात येईल," जाऊ म्हणायची. एवढंच म्हणून गप्प व्हायची, जणू पुढचं बोललं तर दृष्ट लागेल.

तिच्या शेवटच्या पगाराला फौजदारीण नेहमीसारखी निळी पिशवी घेऊन निघाली.

बँकेत गर्दी होती. तिने मशीनचं तोंड ओढून पाहिलं, हाताचं छप्पर केलं, एकेक कार्ड घातलं, तोच नंबर दाबला, पैसे घेतले, पुढचं कार्ड. मागची माणसं कुरकुरली तरी तिने घाई केली नाही. नोटा रुमालात बांधून चोळीत खोचल्या. कार्डांची निळी पिशवी हातातल्या थैलीत टाकली. शेजारच्या टेबलाशी एक तरुण कसलीशी पावती भरत उभा होता. एवढा वेळ कुठली पावती लागते, हा विचार तिच्या मनात तेव्हा आला नाही. एक बाई कार्डामागून कार्ड घालते आणि बोटं दर वेळी त्याच वाटेने फिरतात, हे बघायला चोराला हाताच्या छपराखाली डोकवावं लागत नाही. एकदा चुकलं तर पुढच्या वेळी दिसतं, पुढच्या वेळी चुकलं तर त्याच्या पुढच्या वेळी.

बस थांब्यावर तिच्या खांद्यावर काहीतरी थंड, चिकट पडलं. एक म्हातारं जोडपं लगबगीने जवळ आलं. बाईच्या हातात कागदी रुमाल, चेहऱ्यावर अरेरे.

फौजदारिणीने क्षणात ओळखलं. दोन्ही हातांनी छाती घट्ट धरली आणि दवाखान्याच्या फाटकावरचा तिचा मूळचा आवाज काढला. भाषा आपली, पण शिवी कुठल्याही मुलखात शिवीच वाटते. थांब्यावरची माणसं वळली. म्हातारा-म्हातारी मागे सरकले, हात जोडल्यासारखं करून निघून गेले. तिने चोळीवर हात फिरवला. नोटा जागच्या जागी.

होस्टेलवर ती आली ती जिंकूनच. अंगावर डाग तसाच, तो तिने मुद्दाम पुसला नव्हता. खाटेवर बसून तिने पैसे वाटले आणि हकिगत सांगितली, म्हातारीची नक्कलही केली. लंबी म्हणाली, "बिचारे. त्यांना काय माहीत, कुणाच्या अंगाला हात लावतोय."

मग कार्डं परत द्यायला तिने थैलीत हात घातला.

थैली तिने उलटी केली. झटकली. दोन्ही हात छातीशी होते तेव्हा थैली कोपराला लटकत होती, तोंड उघडं. म्हातारा-म्हातारी नुसते पुढचे. मागे तिसरा असणार.

पहिल्यांदा जाऊ बोलली. "ताई, बँकेला फोन करून कार्डं बंद करायला सांगूया."

"थांब," फौजदारीण म्हणाली. "नंबराशिवाय कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. नंबर कुठे लिहिलेला आहे? कुठेच नाही. आता बंद केलं तर नवं कार्ड यायला महिना लागतो. तुझं विमान त्याच्या आत आहे. पैसे इथे अडकवून जाणार का तू?"

"पण ताई..."

"बँक दोन दिवस बंद. उघडली की मी स्वतः जाते, समोर बसून सगळ्यांचं एकदम करून आणते. फोनवर ते आकडे दाबायला लावतात, त्यात एक चुकलं की सगळं गेलं."

तिचं बोलणं पटण्यासारखं होतं. तिचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असायचं. जाऊने फोन पेटीवर ठेवून दिला.

दोन दिवसांत चोरांनी सगळी खाती कोरडी केली. थोडे मशीनमधून काढले, बाकीच्याचे मोबाइल आणि सोन्याच्या साखळ्या घेतल्या. एक नंबर कळला की सगळी कुलपं उघडत होती. लंबीसारख्या उडाणटप्पूचं फार नव्हतंच खात्यात. ज्यांनी फौजदारिणीचं ऐकलं, पेटीत काही ठेवलं नाही, काटकसरीने बँकेत साठवलं, त्यांचं सगळ्यात जास्त गेलं. जाऊचं सगळं गेलं.

तरी अजून एक दार उघडं होतं. चोरीच्या कार्डावर झालेला खर्च बँक चौकशी करून भरून देते, असा त्या मुलखात कायदा होता. ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, मुकादमानेही मान डोलावली आणि फौजदारीण व जाऊ, दोघींना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. अर्थात पगार कापून.

बँकेतली मुलगी वयाने लहान, आवाजाने गोड. पाणी विचारलं, दुभाषा हवा का विचारलं.

"मला येते तुमची भाषा," फौजदारीण म्हणाली.

मुलीने जाऊकडे बघून पहिला प्रश्न केला. तुमचा नंबर तुमच्याशिवाय आणखी कुणाला ठाऊक होता का? जाऊला प्रश्न समजला. "नाही" म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिथे बसणारे शंभरातले शंभर जण बोलतात, आणि बँकेलाही ते माहीत असतं.

फौजदारिणीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी बोलते. तू अडखळशील."

आणि ती बोलली. निष्काळजी बायका म्हणून कुणी आपल्याला मोडीत काढू नये, या ईर्ष्येने बोलली. मशीनचं तोंड कसं ओढून बघते ते सांगितलं. हाताचं छप्पर टेबलावर करून दाखवलं. रस्त्यावरच्या मशीनला कुणी हात लावत नाही, नंबर कुणी लिहीत नाही, जन्मतारीख कुणी ठेवत नाही. शिकल्या भाषेतला एकेक शब्द तिने जागच्या जागी बसवला. मुलगी मान डोलवत होती, टाइप करत होती. त्या मान डोलवण्याने फौजदारिणीला आणखी चेव आला.

"चूक होऊ नये म्हणून सगळ्यांचा नंबर मी एकच ठेवलाय," ती म्हणाली.

मुलीची बोटं थांबली. "म्हणजे सगळ्यांचा नंबर तुम्हाला ठाऊक होता?"

"माझ्याशिवाय कुणालाच नाही," फौजदारीण ताठ बसून म्हणाली.

जाऊ मुलीच्या तोंडाकडे बघत होती. तिला भाषा कमी यायची, म्हणून ती चेहरे वाचायची. फौजदारिणीला कळायच्या आधी तिला कळलं. मुलगी उठून आत गेली आणि साहेबाला घेऊन आली. साहेब उभ्यानेच बोलला. खातेदाराने आपला नंबर दुसऱ्याला दिला, तर बँकेची जबाबदारी संपते. एकीलाही काही मिळणार नाही. नियम आहे. वाईट वाटतं.

वाईट वाटतं, हे वाक्य तो रोज किती वेळा म्हणत असेल कोण जाणे. ज्यांची सुट्टी बँकेच्या सुट्टीला बांधलेली, ज्यांना शहर महिन्यातून एकदाही दिसत नाही, त्यांनी आपलं कार्ड आपल्या हाताने वापरायचं, असा नियम करणाऱ्याने कधी रोलरसमोर उभं राहून बघितलेलं नसतं. पण हे तिथे बोलायचं कुणी? जिला बोलता येत होतं, ती बोलून चुकली होती.

फौजदारिणीने नंतर सगळं केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणाली, मी खोटं बोलले होते. मुलीने कालचं टाइप केलेलं वाचून दाखवलं. पोलिसात गेली, तिथे त्यांनी तक्रार घेतली आणि कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. त्यात एक बाई कार्डामागून कार्ड घालत होती. हवालदाराने हसू दाबत विचारलं, यातली चोर कोणती? मुकादमाकडे गेली की निदान बायकांची सुट्टी बदला, बँक उघडी असेल त्या दिवशी द्या. तो म्हणाला, हॉटेलं काय तुमच्या सोयीने चादरी मळवणार?

होस्टेलमध्ये पहिले काही दिवस बायका फाडफाड बोलल्या. तुझ्या नादी लागलो. मोठी आली शहाणी. लंबी तर म्हणाली, "चोराने एकदाच नेलं असतं, हिने आमच्याकडून साठवून घेतलं आणि मग दिलं." फौजदारिणीने सगळं ऐकून घेतलं. ती ऐकून घेते म्हटल्यावर त्यांचा जोर ओसरला, आणि मग कुणी काहीच बोलेनासं झालं. ते जास्त वाईट होतं. कुणी तिला फौजदारीण म्हणेनासं झालं. नव्या मुली आल्या, त्यांना कुणी कायदे सांगितले नाहीत. त्या पगाराच्या दिवशी समोरच्या दुकानाच्या भिंतीतल्या मशीनपुढे रांग लावायच्या. ती खिडकीतून बघायची आणि तोंड उघडायची नाही.

जाऊ मात्र एका शब्दाने बोलली नव्हती. विमानाचा दिवस आला आणि गेला. मुकादमाने कराराचा कागद पुन्हा पुढे केला, तिने सही केली. यातलं काही तिने ताईला सांगितलं नाही. ताईला ते कळलं, नव्या करारासोबत जाऊला कामाचे नवे कपडे मिळाले तेव्हा. जुने विरले होते.

रोलर नादुरुस्त झाला, म्हणून एके दिवशी मुकादमाने दोघींना मोठ्या चादरींच्या घडीला जोडीने लावलं. दोन टोकांना दोघी उभ्या राहायच्या, चादर ताणायची, दुमडायची, चालत समोरासमोर यायचं, कोपरे एकमेकींच्या हातात द्यायचे, पुन्हा मागे. बऱ्याच चादरी झाल्या.

"पोराला सांगितलंस?" फौजदारिणीने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. आजीला फोन देऊ का, म्हणाला."

दोघी मागे सरकल्या, पुढे आल्या. जाऊने कोपरे तिच्या हातात दिले, तेव्हा फौजदारिणीने ते धरून ठेवले.

"शिव्या तरी दे गं मला. दोन तोंडात मार. असं नको करू."

जाऊने तिच्या हाताखाली हात घालून चादर सोडवून घेतली, ढिगावर ठेवली, वरून तळहात फिरवून सुरकुती काढली. ट्रॉलीतून दुसरी उचलली आणि तिचं एक टोक ताईकडे फेकलं.

"वर धरा," ती म्हणाली. "जमिनीला लागतेय. परत धुवायला लागेल."